शिवडीच्या चिखलातले पाहुणे आणि बर्फाखालचा उंदीर

 बचत गटांच्या बैठकांमुळे माझा आवाज तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या ओळखीचा आहे. हा आवाज ऐकला की हप्ता, पासबुक, व्याज असंच काही तरी कानावर येणार असं तुम्हाला वाटतं. आज त्यातलं काही नाही. आज मी तुम्हाला इथून सहा हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या एका बर्फाळ मुलखात नेणार आहे. पण निघायचं आपल्या शेजारून, शिवडीच्या खाडीवरून.

लोअर परळहून शिवडीची जेट्टी चार-पाच किलोमीटरांवर. दरवर्षी हिवाळा आला की वर्तमानपत्रात रोहित पक्ष्यांचे फोटो येतात, मग रविवारी आपण मुलांना घेऊन ते गुलाबी पक्षी बघायला जातो. ओहोटी असेल तर पाणी लांब गेलेलं असतं आणि समोर नुसता काळा चिखल. रोहित उंच, देखणे, त्यामुळे नजर त्यांच्यावरच जाते. पण जरा खाली बघा. त्यांच्या पायांच्या आसपास चिमणीएवढे, मातकट रंगाचे पक्षी चिखलावर तुरुतुरु धावत असतात. शिवणयंत्राची सुई चालावी तशी चोच खालीवर. त्यातला एक छोटा टिलवा. वजन तीस ग्रॅमच्या आसपास. दुसरा त्याच्याहून थोडा मोठा, खाली वाकलेल्या चोचीचा, त्याला इंग्रजीत कर्ल्यू सँडपायपर म्हणतात. हे दोघे येतात रशियाच्या अगदी उत्तरेकडून, सैबेरियाच्या टोकावरून. त्या मुलखाला टुंड्रा म्हणतात.

टुंड्रा म्हणजे काय? जिथे झाडच नाही असा प्रदेश. जमीन खोलवर कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचा हात-दीड हात थर तेवढा वितळतो. खाली बर्फ असल्यामुळे पाणी मुरत नाही, म्हणून जिकडेतिकडे डबकी आणि दलदल. उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, पण त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. तेवढ्या वेळात गवत, शेवाळ, फुलं, सगळं उरकून घेतं. तिथे विलो नावाचं झुडूप आहे, ते उभं वाढतच नाही, वाऱ्याच्या भीतीने जमिनीला चिकटून पसरतं, जेमतेम बोटभर उंच. आणि सगळीकडे लायकेन. हे नाव परकं वाटेल, पण वस्तू आपल्या डब्यातली आहे. मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, ते त्याच प्रकारातलं. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र मांडलेला संसार म्हणजे दगडफूल. तिथलं लायकेन वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. एकदा ओरबाडलं की पुन्हा भरायला कित्येक वर्षं लागतात.

या हिरवळीवर जगणारे प्राणी कोण? रेनडिअर, ससे, रानहंस, आणि आजच्या गोष्टीतला मुख्य जीव, लेमिंग. लेमिंग हा उंदराच्या जातीचा, गुबगुबीत, आखूड शेपटीचा. थंडीत तो झोपून राहत नाही. बर्फाच्या थराखाली, जमिनीलगत बोगदे करून राहतो, गवताची मुळं आणि शेवाळ खातो, आणि खाण्याची चंगळ असली तर बर्फाखालीच पिल्लंही घालतो. वीस-एकवीस दिवसांत एक वेत, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं काही आठवड्यांत स्वतः आईबाप. चक्रवाढ व्याज कसं वाढतं हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

या लेमिंगवर टपून बसलेलेही खूप. ध्रुवीय कोल्हा, पांढरं हिम घुबड, स्कुआ नावाचा समुद्री पक्षी, आणि बर्फाखालच्या बोगद्यातही शिरू शकणारा मुंगसासारखा सडपातळ वीझल. लेमिंग भरपूर असले की कोल्हीण एका वेळी दहाहून जास्त पिल्लं घालते. लेमिंग नसले की हिम घुबड त्या वर्षी अंडीच घालत नाही. घरात धान्य किती आहे ते बघून पाहुण्यांना बोलवावं, तसं.

दर तीन-चार वर्षांनी लेमिंगची संख्या प्रचंड वाढते आणि मग एकाएकी कोसळते. काही जणींनी ऐकलं असेल की लेमिंग रांगेने कड्यावरून उड्या मारून जीव देतात. ते खोटं आहे. १९५८ च्या एका अमेरिकन चित्रपटात तसं दाखवलं होतं, आणि तो प्रसंग माणसांनी घडवून आणलेला होता. खरं कारण साधं आहे. संख्या वाढली की खाणं कमी पडतं, आणि तोवर खाणारे शिकारीही वाढलेले असतात. यातलं कोणतं कारण जास्त जोरावर असतं यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

आता आपल्या शिवडीच्या पाहुण्यांकडे येऊ. हे पक्षी टुंड्रात जातात ते अंडी घालायला. झाड नाही, त्यामुळे घरटं जमिनीवरच, गवतात एक खळगा, त्यात साधारण चार अंडी. कोल्ह्याला ती अंडी शोधणं म्हणजे वाटेत पडलेला लाडू उचलणं. पण लेमिंगचं साल असलं तर कोल्ह्याचं पोट आधीच भरलेलं असतं. तो अंड्यांच्या मागे लागत नाही. त्या वर्षी पक्ष्यांची पिल्लं वाचतात, मोठी होतात. पुढच्या वर्षी लेमिंग कोसळतात. कोल्हे मात्र आदल्या वर्षीच्या सुकाळामुळे खूप झालेले असतात, आणि उपाशी असतात. मग ते अंडी, पिल्लं काही सोडत नाहीत. कधी कधी त्या वर्षीची जवळजवळ सगळी पिढीच जाते.

हे कळलं कसं? टुंड्रात जाऊन तर कळलंच, पण त्याहून आधी हिवाळ्याच्या मुक्कामावर मोजणी करताना लक्षात आलं. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कर्ल्यू सँडपायपर आणि पश्चिम युरोपात ब्रेंट नावाचे रानहंस उतरतात. दोघेही सैबेरियाच्या तैमिर भागातून येणारे. मोजणाऱ्यांना दिसलं की काही हिवाळ्यांत थव्यात तरुण पक्षी भरपूर, आणि काही हिवाळ्यांत जवळजवळ नाहीतच. आणि दोन वेगळ्या खंडांतले हे आकडे एकमेकांशी जुळत होते. मागे जाऊन पाहिलं तर धागा लेमिंगपाशी पोचला. म्हणजे बर्फाखालचा उंदीर किती जगला, त्यावर हजारो किलोमीटर दूरच्या किनाऱ्यावर किती नवे पक्षी उतरणार ते ठरतं. शिवडीच्या चिखलावर उतरणारे टिलवे आणि सँडपायपर याच उत्तरेकडच्या मुलखातून येतात.

यात आणखी एक गंमत आहे. हे ब्रेंट हंस पुष्कळदा हिम घुबडाच्या घरट्याच्या जवळ आपलं घरटं करतात. घुबड शिकारी खरं, पण आपल्या घरट्याजवळ ते कोल्ह्याला फिरकू देत नाही. दारात राखणदार बसलेला, पगार न देता. शेजारी जरा भांडखोर असला तरी कधी कधी त्याचा उपयोग होतो, हे चाळीत राहिलेल्या कुणालाही पटेल.

कोण कोणाला खातं याचं जाळं कागदावर काढायची सुरुवातही अशाच बर्फाळ मुलखातून झाली. चार्ल्स एल्टन नावाचा इंग्रज विद्यार्थी १९२१ मध्ये ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर स्पिट्सबर्गन बेटांवर गेला. तिथे प्राणी मोजके, त्यामुळे कोण काय खातं हे नीट दिसत होतं. १९२३ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने ते बाण काढून दाखवलं. अन्नजाळ्याच्या सुरुवातीच्या चित्रांपैकी ते एक. पुढे त्याने कॅनडातल्या हडसन्स बे कंपनीच्या जुन्या वह्या तपासल्या. कुठल्या वर्षी कुठल्या जनावराची किती कातडी आली याची ती व्यापाऱ्यांची नोंद. त्या जमाखर्चातून त्याला प्राण्यांच्या संख्येचे चढउतार दिसले. नोंदवही नीट ठेवा म्हणून मी दर बैठकीत तुमच्या मागे लागते. वही ठेवणाऱ्याला माहीत नसतं की पुढे तिच्यात कोणाला काय सापडेल.

हा विषय मी आमच्या एका बैठकीत काढला तेव्हा एका मावशींनी विचारलं, "ताई, मग कोल्हाच नसता तर बरं नव्हतं का? सगळीच सुखाने जगली असती." प्रश्न अगदी रास्त आहे. याचं उत्तर एका बेटावर मिळालेलं आहे.

अलास्काजवळ बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडिअर सोडले. वेळ आलीच तर तिथल्या माणसांना मांस मिळावं म्हणून. युद्ध संपलं, माणसं निघून गेली, रेनडिअर राहिले. त्यांची शिकार करणारा लांडगा बेटावर नव्हता. लायकेनचा जाडजूड गालिचा होता. मग काय, राज्यच त्यांचं. १९६३ पर्यंत २९ चे सुमारे ६,००० झाले. त्यांनी लायकेन खाल्लं, तुडवलं, संपवलं. त्या हिवाळ्यात बर्फ जोराचा पडला. १९६६ मध्ये लोक पुन्हा मोजायला गेले तेव्हा ४२ जिवंत होते. त्यांत नर एकच, आणि तोही धड नव्हता. काही वर्षांत तेही संपले. कोणी त्यांना मारलं नाही. दारात वाघ नसला म्हणून घरात सुबत्ता येते असं नाही. शिकारी कळपाला खातो, पण त्यामुळे कुरणही राखलं जातं, आणि कुरणावर उद्याचा कळप जगतो.

आपल्या गिरणगावाला हे जाळं वेगळं समजावून सांगायला हवं का? गिरणीचा भोंगा वाजायचा तेव्हा त्याच्यावर किती चुली पेटायच्या. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरहून आलेला कामगार एकटा राहायचा आणि खानावळीत जेवायचा. खानावळ चालवायच्या बायका. त्यांना भाजीवाली लागायची, मासेवाली लागायची, कोळसेवाला लागायचा. खानावळवाल्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच भागात. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. गिरणीत एक दिवसही न गेलेल्या किती बायकांचं घर त्या संपात बसलं, ते आपल्या आई-सासूने सांगितलेलं आहे. कागदावर संप गिरणी आणि कामगार यांच्यातला होता. जाळं मात्र फार लांबवर पसरलेलं होतं. तुटेपर्यंत कोणाला ते दिसलं नव्हतं.

टुंड्राचं जाळंही आता ताणलं जातंय. तिथे हिवाळ्यात बर्फच पडायला हवा, मऊ, भुसभुशीत, म्हणजे त्याखाली लेमिंगला ऊब आणि वाट मिळते. अलीकडे मध्येच ऊब येते, बर्फ वितळतो, पाऊससुद्धा पडतो, आणि मग ते पाणी पुन्हा गोठून काचेसारखा कडक थर होतो. लेमिंगला खाण्यापर्यंत पोचता येत नाही. नॉर्वेच्या काही डोंगराळ भागांत १९९० च्या दशकापासून लेमिंगचे ते ठरावीक सुकाळ येईनासे झाले. ग्रीनलंडच्या पूर्वेकडेही तसंच दिसलं. लेमिंगचं साल आलंच नाही तर हिम घुबड अंडी घालणार नाही, आणि कोल्हा पक्ष्यांच्या अंड्यांकडेच वळणार.

दुसरी अडचण वेळेची. टुंड्रात बर्फ आता लवकर वितळतो, त्यामुळे किडे लवकर निघतात. पक्षी मात्र आपल्या जुन्या वेळेवर पोचतात. पिल्लं बाहेर येईपर्यंत किड्यांचा भर ओसरलेला. तैमिरमध्येच जन्मणाऱ्या रेड नॉट नावाच्या पक्ष्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी बर्फ लवकर वितळला त्या वर्षीची पिल्लं लहानखुरी राहिली, त्यांची चोचही आखूड. हे पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेच्या मॉरिटानिया देशात जातात. तिथे त्यांचं खाणं म्हणजे चिखलात खोल रुतलेले शिंपले. आखूड चोच तिथपर्यंत पोचत नाही. बाळपणी ताटात कमी पडलं, त्याची किंमत दुसऱ्या खंडात मोजावी लागली. अंगणवाडीत वजनकाटा धरणाऱ्या आपल्या ताईंना हे लगेच कळेल.

कर्ल्यू सँडपायपरची जगभरची संख्या इतकी घटली आहे की २०२४ मध्ये त्याचं नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' या गटात गेलं. आता तुम्ही म्हणाल, सैबेरियाचं तापमान आपण काय कमी करणार? खरं आहे. पण या पक्ष्याचं वर्ष बघा. टुंड्रात तो दोनेक महिने असतो. ऑगस्ट-सप्टेंबरपासून एप्रिल-मेपर्यंतचा काळ तो प्रवासात आणि आपल्यासारख्यांच्या किनाऱ्यावर काढतो. म्हणजे त्याचं सासर तिकडे असलं तरी वर्षातला जास्त काळ तो आपल्या घरी असतो. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्याला आपल्याच चिखलात जमवायची असते. रिकाम्या पोटी इतकी उड्डाणं होत नाहीत.

त्या चिखलात काय आहे? तिथलं जाळंही टुंड्रासारखंच. चिखलाच्या वरच्या पापुद्र्यावर डोळ्याला न दिसणारं शेवाळ उन्हावर वाढतं. ते खाऊन किडे, गोगलगाई, चिमुकले खेकडे जगतात. त्यांच्यावर आपले पक्षी, निवट्या आणि माशांची पिल्लं. त्यावर कोळीणबाईंची टोपली, आणि टोपलीवर आपलं कालवण. पक्ष्यांच्याही वर बहिरी ससाणा. टुंड्रात घरटं करणाऱ्या या ससाण्याची एक जात हिवाळ्यात भारतात उतरते. शिकार आणि शिकारी दोघेही एकाच मुलखातून येऊन इथे मुक्काम करतात.

पलीकडे ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा भाग २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत जागा मिळाली. शिवडीची दलदल त्या अभयारण्याच्या बाहेर आहे. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, तो इथूनच जातो. पूल, बंदर, घरं, सगळं लागतं, ते मी नाकारत नाही. पण खाडीकाठी भराव पडतो, कांदळवन तुटतं, नाल्यातून प्लॅस्टिक येऊन चिखलावर बसतं. प्लॅस्टिकखाली ऊन पोचत नाही, ऊन नाही तर शेवाळ नाही, आणि शेवाळ नाही तर वरचं काहीच नाही. कांदळवन भरतीच्या लाटांचा जोर मोडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री कोण कुठे अडकलं होतं हे आपण विसरलेलो नाही. समुद्राकडची बाजू जपणं हे पक्ष्यांपुरतं काम नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातलेली आहे, म्हणजे कायदाही आपल्या बाजूने आहे.

मग आपण काय करायचं? तीन साध्या गोष्टी सांगते. पहिली, निर्माल्य आणि पिशव्या खाडीत, नाल्यात टाकायच्या नाहीत. पूजा झाली की निर्माल्य कलशात किंवा खतात. हा ठराव आपल्या गटाच्या वहीत लिहून सही करता येईल. दुसरी, खाडीकाठी भराव पडताना किंवा कांदळवन तुटताना दिसलं तर तारीख, वेळ, जागा लिहून फोटो काढायचा आणि गटाच्या लेटरहेडवर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला तक्रार द्यायची. एकटीच्या फोनपेक्षा दहा सह्यांचा कागद जड असतो. पोचपावती घ्यायला विसरू नका.

तिसरी, मुलांना घेऊन बघायला जा. भरतीचं वेळापत्रक आधी बघा, कारण भर भरतीत चिखल पाण्याखाली असतो आणि पक्षी नसतात. भरती ओसरायला लागली की जा. चिखलात उतरू नका, आरडाओरडा नको, दगड तर नकोच. पक्षी उडाला की जमवलेली चरबी खर्च होते. मुलांना सांगा, या थव्यातले जून पक्षी आधी येतात, तरुण मागून येतात. आणि एखाद्या मेलेल्या पक्ष्याच्या पायात धातूचं कडं दिसलं तर त्यावरचा आकडा लिहून घ्या. १८८३ पासून मुंबईत असलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अशी कडी घालते, आणि कडं सापडल्यास कळवा असं त्या कड्यावरच लिहिलेलं असतं. तो एक आकडा कळवला तर पक्षी कुठून कुठे गेला हे समजतं. नोंद ठेवणं तर आपल्याला येतंच.

पुढच्या बैठकीत शिवडीला कधी जायचं ती तारीख ठरवू. चहाच्या बाटल्या आणि पुरेसे डबे घेऊन या, कचरा मात्र परत आणायचा.